वर्ग नियंत्रण : दहापैकी आठ

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातली. बी.एड.ची माझी तुकडी २०२०-२२ची, मेथड म्हणजे अध्यापनाचे विषय विज्ञान आणि गणित. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं मोबाइलवर गेलं. घरात एकच अँड्रॉइड फोन, त्यावर भावाची दहावी आणि माझं बी.एड. रेंज फक्त गच्चीवर. धान्याच्या कोठीला फोन टेकवून सूक्ष्म पाठ, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावाचे काही मिनिटांचे पाठ, घेतले. मैत्रिणीच सातवीच्या मुली व्हायच्या. आंतरवासिता, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, तीही अर्धीमुर्धीच झाली, कारण शाळा उघडायच्या आणि पुन्हा बंद व्हायच्या. स्क्रीनशॉट चिकटवून जर्नल पूर्ण केलं.

आता शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सातवीत ५२ मुलं, बहुतेक पावरा आदिवासी, घरी पावरी बोलणारी. पहिल्या दिवशी हातपाय गार पडले होते. अजूनही प्रश्न विचारते आणि उत्तर मीच देऊन टाकते. फळ्यावर ओळ खाली उतरत जाते. तास संपेपर्यंत घसा बसतो. एक जुने सर सगळ्यांसमोर मला ‘कोरोना बॅच’ म्हणतात. सगळे हसतात, मीही हसते आणि घरी येऊन रडते. मी खरी शिक्षिका आहे का? पुन्हा एखादा कोर्स करावा का? आणि धाकट्या बहिणीला एक जण ‘घरबसल्या ऑनलाइन बी.एड.’ करून देतो म्हणतोय. तिला करू द्यावं का?

ता. क. : परवा जर्नल काढून पाहिलं. ऑनलाइन पाठाच्या निरीक्षण तक्त्यात ‘वर्ग नियंत्रण’ या रकान्यात दहापैकी आठ गुण आहेत. वर्गच नव्हता, मॅडम.

— एक शिक्षिका (?), शिरपूर तालुका

उत्तर

पोरी,

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य ता. क.मध्ये आलंय. सुरुवात तिथूनच करते, कारण त्या गुन्ह्यात मीही आहे.

त्या काळात मी बी.एड. कॉलेजात शिकवायला होते. धुळ्यात, देवपुरातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून रोज पाचसहा पाठ बघायचे. पडद्यावर काळे चौकोन आणि त्यांवर नावं. मधेच कुणीतरी विचारायचं, ‘मॅडम, आवाज येतोय का?’ एका मुलाने गोठ्यातून पाठ घेतला. विषय अन्नसाखळी. मागे म्हैस रवंथ करत उभी. शैक्षणिक साहित्य म्हणून ती उत्तम चालली असती, पण पोरगा लाजला आणि त्याने कॅमेरा भिंतीकडे फिरवला. एका मुलीचा पाठ ऐन रंगात आला होता आणि आतून आजी ओरडली, ‘माय वं, दूध उतू गयं!’ माझ्या हातात तोच छापील तक्ता. सज्जता प्रवर्तन (म्हणजे पाठाची सुरुवात), स्पष्टीकरण, प्रश्न कौशल्य, फलक लेखन, वर्ग नियंत्रण. रकाना रिकामा सोडायची सोय नाही, बेरीज जुळली पाहिजे. मी सगळ्यांना सात दिले. तुझे सर जरा उदार निघाले एवढंच. त्या गुणांचा हिशेब तू मागतेस ते योग्यच आहे, पण तो आम्हा मास्तरांकडे माग. स्वतःला कशाला खोटं ठरवतेस?

आता थोडी मागची गोष्ट सांगते, कारण ती तुला कुणी सांगितली नसावी. सूक्ष्म अध्यापन १९६३च्या सुमारास अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं. तिथल्या रीतीत खरी मुलं असायची, चारपाच का होईना. आणि पाठाचं चित्रण व्हायचं, म्हणजे शिकवणाऱ्याला स्वतःला बघता यायचं. आपल्याकडे हे आलं तेव्हा कॉलेजांकडे कॅमेरे नव्हते आणि शाळांकडून रोज मुलं मागणंही शक्य नव्हतं. म्हणून भारतीय पद्धत बसवली गेली : विद्यार्थी म्हणून सोबतचेच छात्राध्यापक, म्हणजे बी.एड. करणारेच, आणि कॅमेऱ्याच्या जागी मागच्या बाकावर पेन्सिल घेऊन बसलेला निरीक्षक. सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), बारा पुनर्नियोजन, सहा पुनर्पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं हे चक्र तुलाही पाठ असेल.

म्हणजे बघ, तीसपस्तिशीची माणसं सातवीतली असल्याचं सोंग करतात हा प्रकार ऑनलाइनने आणलेला नाही. आम्हीही तसेच शिकलो. माझ्या वर्गात तीन लेकरांची आई असलेली एक बाई ‘बाई, मला समजलं नाही’ असं इतक्या लाडात म्हणायची की पाठ देणाराच हसून बसायचा. तुला चुकल्यासारखं वाटतं ते खोट्या मुलांमुळे नाही. आम्हाला त्या सोंगानंतर खऱ्या शाळेत ढकललं गेलं, आणि तुला ते पुरेसं मिळालं नाही.

माझ्या पहिल्या सराव पाठाला एका पोराने मागच्या बाकावरून विचारलं, ‘बाई, तुम्ही परीक्षेलेबी येशात का फक्त पाठलेच?’ सगळा वर्ग फुटला. ज्या शाळांत बी.एड.वाले नेहमी येतात तिथल्या मुलांना सगळं ठाऊक असतं. बी.एड.च्या बाई आल्या म्हणजे आज रंगीत तक्ते, गोड आवाज आणि गृहपाठाला सुट्टी. त्या हशात उभं राहून पुढचं वाक्य बोलणं हेच माझं खरं बी.एड. ते पडद्यावर शिकवता येत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, आंतरवासिता वीस आठवड्यांची केली आणि तिला ९० टक्के हजेरी लावली, ते याच कारणाने. तुला त्यातलं किती मिळालं ते तू लिहिलंस. जे राहिलं ते राहिलं. पण लक्षात घे, जे राहिलं ते नेमकं आज रोज तुझ्यासमोर ५२ नगांच्या रूपात बसलेलं आहे. कोर्स कुठला करतेस? कोर्स तुला पुन्हा व्याख्यानंच देईल, आणि व्याख्यानं तर तुला मोबाइलवरही धडधाकट मिळाली होती.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘प्रश्न विचारते आणि उत्तर मीच देऊन टाकते.’ ही खोड कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण मलाही लागली होती. मोबाइलवर तू विचारायचीस, ‘चुंबकाला किती ध्रुव असतात?’ पलीकडे सन्नाटा. कुणाचा माइक बंद, कुणाचा त्या दिवसाचा डेटा संपलेला, कुणी भाकरी थापायला उठून गेलेली. दोन सेकंद गेले की छातीत धस्स व्हायचं, रेंज गेली की काय! त्या भीतीने आपण बोलत राहायचो. उत्तर सांगायचो, पुढच्या मुद्द्याला जायचो, चाळीस मिनिटांत मीटिंग आपोआप बंद पडायच्या आत पाठ उरकायचो. वर्षभर हाच सराव झाला. आता वर्गातही कुणी गप्प राहिलं की तुझं अंग तेच समजतं : रेंज गेली.

पण वर्गातलं मूल गप्प असतं तेव्हा ते बऱ्याचदा कामात असतं. तुझ्या मुलांना तर दुप्पट काम आहे. तुझा मराठी प्रश्न आधी मनात पावरीत न्यायचा, उत्तर शोधायचं, ते परत मराठीत आणायचं, मग बावन्न जणांसमोर तोंड उघडायचं धाडस करायचं. एवढ्यात तू उत्तर सांगून मोकळी झालेली असतेस. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच शिक्षक तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद. म्हणायला काहीच नाही, पण उभं राहून बघ, अख्खा उन्हाळा गेल्यासारखं वाटतं.

म्हणून तुला एकच काम देते. ज्या मोबाइलने ही खोड लावली त्यालाच कामाला लाव. मुख्याध्यापकांना विचारून, एखाद्या तासाला फोन खिडकीत पालथा ठेव आणि फक्त आवाज मुद्रित कर. मुलांचं चित्रण नको. ती परक्यांची लेकरं आहेत. आणि स्टेटसला तर मुळीच नको, मग शिकवणं बाजूला राहतं आणि लाइक मोजणं सुरू होतं. घरी गेलीस की त्यातली सहाच मिनिटं ऐक. वहीत दोनच गोष्टी लिही : किती प्रश्न विचारले, आणि प्रत्येकानंतर किती सेकंद थांबले. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, सगळ्यांनाच वाटते. दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा आठवीला किंवा सातवीच्या दुसऱ्या तुकडीला शिकव, थांबून. हे तुझं छत्तीस मिनिटांचं चक्र झालं, आणि या वेळी मुलं खरी आहेत. गंमत बघ, स्टॅनफर्डवाल्यांना त्या काळी जे यंत्र महागात घ्यावं लागलं आणि आमच्या कॉलेजांना कधी परवडलंच नाही, ते आता तुझ्या पर्समध्ये असतं. स्वतःचा पाठ पुन्हा ऐकण्या-बघण्याची सवयही तुझ्याच तुकडीला आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी तीस वर्षं शिकवलं आणि आपला आवाज एकदाही ऐकला नाही. ऐकला असता तर काही जण लवकर निवृत्त झाले असते.

घसा बसतो त्याचंही मूळ इथेच आहे. तासभर एकटीच बोलतेस, दुसरं काय होणार! सातवीला चुंबकाचा धडा आहेच. एक दिवस पोरांना अनेर किंवा अरुणावतीची मूठमूठ वाळू आणायला सांग. पाचसहा जणांचे गट कर आणि प्रत्येक गटाला एक चुंबक दे. जुन्या स्पीकरमधले चालतात. चुंबकाला कागद गुंडाळून वाळूतून फिरवायला लाव. काळे बारीक कण मिशीसारखे चिकटतात. मग तू एकच प्रश्न विचार, ‘हे सगळ्या वाळूला का नाही चिकटत?’ आणि गप्प उभी राहा. गोंधळ होईल. त्या गोंधळाला घाबरू नकोस, तो कान देऊन ऐक. कामाचा गोंधळ वेगळा आणि माकडचेष्टांचा वेगळा. हा फरक पंधरा दिवसांत कानाला कळायला लागतो, आणि कळला की वर्ग नियंत्रणाचं अर्धं काम झालेलं असतं. गटात ती पावरीत बोलतील, बोलू देत. तुझ्या मैत्रिणी सातवीच्या मुली व्हायच्या तेव्हा त्या छान प्रमाण मराठीत चुकायच्या, पण ही मुलं चुकतात तीसुद्धा आपल्या भाषेत. रोज पाचेक शब्द त्यांच्याकडूनच शीक, वाळू, दगड, पाणी, जड, हलकं, आणि उच्चार चुकला की त्यांना हसू दे. बाईला शिकवायला मिळालं की पोरं दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसतात. तू स्वतः पारोळ्याची. घरी अहिराणी आणि शाळेत मराठी हा प्रवास तू केलेला आहेस, मग मी वेगळं काय सांगू.

फळ्याचं फार मनावर घेऊ नकोस. आम्हाला खडूने लिहायला लावायचे, तुम्ही पीपीटी केल्या. हाताला सवय नाही, बाकी काही नाही. खडू मोडून अर्धा घे, म्हणजे किंचाळणार नाही. तिरपा धर. लिहिताना खांद्याच्या पातळीच्या खाली गेलीस की ओळही उतरते, म्हणून ओळ पुढे सरकेल तशी पायांनी तूही सरक. शाळा सुटल्यावर रोज दहा मिनिटं पुरेत. दोन महिन्यांत ओळ सरळ होईल.

आता ते जुने सर.

‘कोरोना बॅच’वर हसू नकोस आणि भांडूही नकोस. त्यांना एकदा साधेपणाने विचार, ‘सर, माझा ऑफ तास असतो तेव्हा तुमच्या वर्गात मागे बसू का? आम्हाला कुणाचे पाठ बघायलाच मिळाले नाहीत.’ दोनपैकी एक होईल. एक, ते टाळतील. मग काय ते तुला कळलं, आणि त्यांनाही कळलं की तुला कळलं. टोमणा त्याच दिवशी थांबेल. दोन, ते हो म्हणतील. मग मुकाट्याने बस आणि बघ : वर्गात शिरल्यावर पहिल्या मिनिटाला काय करतात, दंगा करणाऱ्याचं नाव घेतात की नुसते जवळ जाऊन उभे राहतात, फळा कधी पुसतात. टोमणे मारणारा माणूस वाईटच शिकवतो असं नाही. माझ्या पाहण्यात एक महाखडूस मास्तर होते, स्टाफरूममध्ये कुणाला ते आवडत नव्हते, पण वर्गात अपूर्णांक असे शिकवायचे की मी दारात उभी राहून ऐकायचे.

आणि खासगीत सांगते, ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवणाऱ्यांतले काही जण स्वतः ‘नॉन-अटेंडिंग’ असतात. कॉलेजात प्रवेशाला एकदा आणि परीक्षेला एकदा गेलेले. हजेरीपत्रकावर त्यांच्या सह्या मात्र सुवाच्य. तू गच्चीवर उन्हात बसून तास केलेस. खानदेशातला मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर, डोक्यावर ओढणी आणि हातात तापलेला फोन. त्यांनी सराव पाठांचा एक आठवडाही केला नाही, आणि त्यांना नाव ठेवायला कुठली महामारीही आलेली नव्हती. तुझे सर त्यातले आहेत असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाहीत. पण खोट्या बी.एड.ची चौकशी करायचीच असेल तर रांगेत तुझा नंबर बराच मागे आहे.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा कागदाची फिकीर कशाला, हे वाक्य मी इतक्या निरोप समारंभांत ऐकलंय की तुला ऐकवणार नाही. शिवाय ते शिक्षकाला लागू नाही. आपल्याला कागद लागतो. कागदही लागतो आणि हातही बसावा लागतो. तुझ्याकडे कागद आहे, हात बसायचाय.

त्यावरूनच तुझ्या बहिणीचं. करू देऊ नकोस. संपूर्ण ऑनलाइन, घरबसल्या, अशा बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता नाही. दूरस्थ बी.एड. आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, पण ते मुख्यतः आधीच प्रशिक्षित असलेल्या, सेवेतल्या शिक्षकांसाठी. ताज्या पदवीधर पोरीसाठी नाही. त्या माणसाला तीनच गोष्टी विचार : कॉलेजचं नाव काय, परिषदेच्या संकेतस्थळावर ते आहे का, आणि सीईटी या प्रवेश परीक्षेशिवाय प्रवेश कसा देता? तिसऱ्या प्रश्नाला तो ‘ते आपण मॅनेज करू’ म्हणेल. म्हणाला की चहा पाज आणि वाटेला लाव. त्यापुढे जाऊन एक बोलते. एखादं मान्यताप्राप्त कॉलेज जरी ‘यायची गरज नाही, फाइल आम्ही बघतो’ म्हणालं, तरी बहिणीला पाठवू नकोस. नियमाने तासांना ८० टक्के हजेरी लागते, पण मी नियमासाठी बोलत नाही. तुझ्यावर परिस्थितीने जे लादलं ते तिने फी भरून विकत घ्यायचं? तिला तुझ्या शाळेत आठवडाभर घेऊन जा, वर्गात मागे बसव. तिसऱ्या दिवशी ती पळून गेली तर पैसे आणि दोन वर्षं दोन्ही वाचतील. नाही पळाली तर सीईटीचा फॉर्म भर.

राहता राहिलं ते जर्नल. रद्दीत देऊ नकोस. निरीक्षण तक्त्याचं ते पान उघड आणि त्याची एक कोरी प्रत काढ. जे कुणी तुझ्या वर्गात मागे बसायला तयार होईल, ते सर, शेजारच्या वर्गाच्या बाई, नाहीतर मुख्याध्यापक, त्यांच्या हातात ती आणि एक पेन्सिल दे. वरचे रकाने त्यांना सवडीने भरू देत. ‘वर्ग नियंत्रण’ मात्र भरायलाच लाव. तीन मिळाले, चार मिळाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, तारीख घालून जर्नलमध्ये त्या आठाच्या शेजारी चिकटव. ते आठ आमच्याकडून उधारीवर आले होते.